काउंटी जेलमधून फोन आला तर: टेक्सासमधला जामीन, बाँड आणि आतले दिवस

रात्रीचे पावणेदोन. डॅलसजवळच्या फ्रिस्कोतल्या एका घरात फोन वाजला. रेकॉर्ड केलेला इंग्रजी आवाज सांगत होता की हा काउंटी जेलमधल्या कैद्याचा कॉल आहे, घ्यायचा असेल तर अमुक आकडा दाबा. वहिनींनी फोन कट केला. दोन मिनिटांनी पुन्हा वाजला, पुन्हा कट. फसवणुकीचे फोन हल्ली इतके येतात की त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. या रेकॉर्डिंगमध्ये कैद्याला स्वतःचं नाव सांगायला दोनेक सेकंदांची मोकळी जागा असते. तिसऱ्या वेळी नवऱ्याने त्या जागेत नावाऐवजी मुलीचं घरातलं लाडाचं नाव घेतलं. तेव्हा कुठे वहिनींनी आकडा दाबला.

त्यानंतर त्यांनी मला फोन केला. "दादा, यांना पकडलंय. पैसे कुठे भरायचे?"

त्या रात्री मला उत्तर येत नव्हतं. नंतरच्या वर्षांत डॅलसच्या उत्तरेकडच्या मराठी घरांतून असे बरेच फोन आले आणि मी शिकत गेलो. मी वकील नाही. पण वकील मिळेपर्यंतचे जे पाच-सहा तास असतात, त्यांत घरच्यांनी काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, ते मला आता नीट माहीत आहे. पैसे कुठे भरायचे हा प्रश्न त्यात चौथा-पाचवा येतो. बहुतेक घरांत तो पहिला विचारला जातो आणि तिथूनच नुकसान सुरू होतं.

आधी शब्द समजून घ्या

जेल आणि प्रिझन हे अमेरिकेत दोन वेगळे प्रकार आहेत. जेल काउंटीचं असतं आणि ते शेरीफ चालवतो. मुंबईचा शेरीफ, म्हणजे नगरपाल, हे मानाचं पद आहे. इथला शेरीफ निवडून येतो आणि जेलच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात. खटला चालू असलेले लोक आणि साधारण वर्षभरापर्यंतच्या छोट्या शिक्षा झालेले लोक जेलमध्ये ठेवतात. मोठ्या शिक्षेचे कैदी राज्याच्या प्रिझनमध्ये जातात. देशभरातल्या स्थानिक जेलांमधल्या दर दहा माणसांपैकी साधारण सात जणांवरचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नसतो. तुमचा माणूस आत आहे म्हणजे तो गुन्हेगार ठरला, असं अजिबात नाही. गावी फोन करताना हे वाक्य आधी सांगा.

आपल्याकडचे शब्द इथे बऱ्यापैकी लागू पडतात. पैसे न भरता, फक्त "तारखेला हजर राहीन" अशा लेखी हमीवर सोडतात, तो आपला जातमुचलका. टेक्सासमध्ये त्याला पीआर बाँड म्हणतात. संपूर्ण रक्कम स्वतः भरली तर कॅश बाँड. धंदेवाईक जामीनदार, म्हणजे बाँड्समन, पैसे घेऊन हमी देतो, तो शुअरिटी बाँड. हा तिसरा प्रकार आपल्याला अनोळखी असतो. आपल्याकडे जामीनदार म्हणजे ओळखीचा, पत असलेला माणूस, आणि जामीन राहण्याची फी घेणं कायद्याला मान्य नाही. इथे तो परवानाधारक व्यवसाय आहे. जेलसमोरच्या रस्त्यावर त्यांच्या पाट्या चोवीस तास उजळलेल्या असतात.

अटकपूर्व जामीन मात्र इथे नाही. पुण्याहून काका फोनवर "अँटिसिपेटरी घ्या ना" म्हणतात, तेव्हा त्यांना शांतपणे सांगा की ती सोय या देशात नाही. वॉरंट निघाल्याचं आधी कळलं, तर वकील बाँडची तयारी करून माणसाला स्वतः हजर करतो आणि काही तासांत बाहेर काढतो. टेक्सासमध्ये याला वॉक-थ्रू म्हणतात. वॉरंट निघालं असेल तर पोलीस दारात येण्याची वाट पाहू नका.

पहिलं काम: माणूस नेमका कुठे आहे

आम्ही त्या रात्री मॅकिनीला गेलो. कॉलिन काउंटीचं डिटेन्शन सेंटर तिथे आहे आणि फ्रिस्को म्हणजे कॉलिन काउंटी, असं आम्ही धरून चाललो होतो. पण फ्रिस्को शहर कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंट्यांत विभागलेलं आहे. अटक झाली तो रस्ता डेंटनच्या बाजूचा होता. पहाटे साडेतीनला चुकीच्या इमारतीच्या काचेसमोर उभं राहून आम्हाला हे कळलं.

म्हणून गाडीची किल्ली उचलण्याआधी हे करा. ज्या काउंटीत अटक झाली असण्याची शक्यता आहे, त्या शेरीफच्या संकेतस्थळावर कैद्यांचा शोध असतो. तिथे आडनाव आणि जन्मतारीख टाका. आडनावाची सगळी स्पेलिंगं करून पाहा. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधल्या नावाच्या जागी असतं, ते कधी पहिल्या नावाला चिकटतं, कधी आडनाव बनतं. नाव दिसलं नाही तर घाबरू नका, नोंदणी पूर्ण होऊन नाव वर यायला काही तास लागतात. प्लेनो, अर्व्हिंग अशा शहरांच्या स्वतःच्या छोट्या कोठड्या आहेत. माणूस आधी तिथे असतो आणि मग काउंटीत हलवला जातो, त्यामुळे शहर पोलिसांच्या आणीबाणी नसलेल्या क्रमांकावरही विचारा. डॅलस काउंटीचं मोठं जेल म्हणजे ल्यू स्टेरेट. लोक त्याला तेवढ्याच नावाने ओळखतात.

सापडल्यावर पाच गोष्टी लिहून घ्या: बुकिंग क्रमांक, आरोप, बाँड ठरला असल्यास रक्कम, दुसरा कुठला होल्ड (वेगळ्या कारणासाठी धरून ठेवायची सूचना) आहे का, आणि मॅजिस्ट्रेट पुन्हा किती वाजता बसणार.

याच टप्प्यावर फसवणूक ओळखायची असते. "तुमचा मुलगा जेलमध्ये आहे, ताबडतोब झेल (Zelle) ॲपने पैसे पाठवा, नाहीतर गिफ्ट कार्डाचे आकडे सांगा," असा फोन नाशिकला आईवडिलांनाही जातो. अलीकडे मुलाच्या आवाजाची नक्कलही केलेली असते. कोर्ट किंवा जेल कधीच गिफ्ट कार्ड घेत नाही आणि रोकड न्यायला घरी माणूस पाठवत नाही. शेरीफच्या संकेतस्थळावरून क्रमांक काढून तुम्ही स्वतः फोन केल्याशिवाय एक पैसाही हलवू नका.

आत असलेल्याने काय बोलायचं

फोन आला की तुमच्या हातात दोन-तीन मिनिटं असतात. आपण विचारतो, "अरे, झालं काय नक्की?" तो प्रश्न विचारू नका. जेलच्या फोनवरचं बोलणं रेकॉर्ड होतं आणि सरकारी वकील ते ऐकू शकतो. मराठीत बोललो तर कुणाला कळणार, या समजात राहू नका. दुभाषा मिळतो आणि भाषांतर कोर्टात पुरावा म्हणून येतं. "हो, मी दोनच पेग घेतले होते," हे वाक्य मराठीतही तितकंच महाग पडतं.

त्याला एवढंच सांगा: कुठे आहेस ते आम्हाला कळलंय, वकील बघतोय, वकील येईपर्यंत घटनेबद्दल कुणाशी बोलू नकोस. पोलिसांशी नको आणि शेजारच्या बाकावरच्या गोड बोलणाऱ्या माणसाशीही नको. गप्प राहायचा हक्क आहे, पण "मला वकील हवा आहे, तोपर्यंत मी उत्तर देणार नाही," असं तोंडाने स्पष्ट म्हणावं लागतं. नाव, जन्मतारीख, पत्ता सांगायला हरकत नाही. जन्म कुठे झाला, व्हिसा कोणता, या प्रश्नांची उत्तरं वकील येईपर्यंत थांबवता येतात. खोटं मात्र कधीही बोलू नये. "मी अमेरिकन नागरिक आहे" असं खोटं सांगितलं तर ग्रीन कार्डाची वाट जवळपास कायमची बंद होऊ शकते.

आणि औषधं. मधुमेह, रक्तदाब, दमा, थायरॉइड, नैराश्याची गोळी, जे काही असेल ते आत जाताना होणाऱ्या तपासणीत नर्सला सांगायलाच हवं. आपली माणसं संकोचाने "आय ॲम फाइन" म्हणतात. त्या फॉर्मवर आत्महत्येच्या विचारांबद्दलचेही प्रश्न असतात, त्यांचीही खरी उत्तरं द्यायची. बाहेरून तुम्ही जेलच्या वैद्यकीय विभागाला फोन करा, औषधाचं नाव, मात्रा आणि फार्मसीचा क्रमांक द्या, आणि कुणाशी बोललात, किती वाजता, ते लिहून ठेवा.

आजच करून ठेवण्यासारखं एक काम आहे. घरातल्या प्रत्येकाला दोन फोन नंबर तोंडपाठ असू देत. मोबाइल नोंदणीच्या वेळीच काढून पिशवीत सील करतात. बायकोचा नंबर आठवत नाही म्हणून आठ तास कुणालाही फोन न करू शकलेला इंजिनिअर मी पाहिला आहे.

मॅजिस्ट्रेटसमोरची पाच मिनिटं

टेक्सासमध्ये अटकेनंतर ४८ तासांच्या आत माणसाला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. अनेक जेलांत हे व्हिडिओवरच होतं. आरोप सांगतात, हक्क वाचून दाखवतात, बाँडची रक्कम ठरवतात आणि अटी घालतात. पाच मिनिटांत उरकतं, पण पुढच्या सहा महिन्यांचं वळण इथे ठरतं.

वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चाने मागायची हीच वेळ. विद्यार्थ्यांनी लाजू नये. टेक्सासच्याच गिलेस्पी काउंटीतलं एक प्रकरण २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. वॉल्टर रॉथगरी नावाच्या माणसाला नोंदींतल्या चुकीमुळे अटक झाली होती. तो वकील मागत राहिला, मिळाला नाही, आणि तीन आठवडे जेलमध्ये काढले. वकील मिळाल्यावर त्याने साधी कागदपत्रं दाखवली आणि प्रकरण संपलं. वकिलाचा हक्क मॅजिस्ट्रेटपुढच्या या पहिल्या हजेरीपासूनच सुरू होतो, असं न्यायालयाने त्यात ठरवलं.

आपल्या लोकांपैकी बहुतेकांना नोकरीमुळे खाजगी वकीलच करावा लागतो. त्याच काउंटीत रोज उभा राहणारा फौजदारी वकील शोधा. इमिग्रेशनचं काम करणारा तुमचा नेहमीचा वकील इथे पुरत नाही, पण त्यालाही त्याच सकाळी फोन करा. दोघांचं एकमेकांशी बोलणं झालं पाहिजे.

बाँडची रक्कम ठरवताना मॅजिस्ट्रेटने आरोपीची ऐपतही पाहायची असते, आणि जामीन हे छळाचं साधन होता कामा नये, असं टेक्सासचा कायदाच म्हणतो. राज्यघटनेची आठवी दुरुस्तीही अवाजवी जामिनाला मनाई करते. पण तुमचा माणूस कोण आहे हे कुणी सांगितलं तरच मॅजिस्ट्रेटला कळणार. म्हणून वकिलाच्या हातात हे कागद द्या: नोकरीचं पत्र, घराचा भाडेकरार किंवा कर्जाचा कागद, मुलांच्या शाळेची नोंद, इथे किती वर्षं राहतोय त्याचा पुरावा. आधीचा गुन्हा नसेल आणि आरोप हिंसेचा नसेल, तर पीआर बाँड मागायला लावा. हिंसेच्या आरोपांत तो देण्यावर २०२१ च्या कायद्याने बंधनं आली आहेत. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत परिस्थिती वेगळी आहे. किरकोळ गुन्ह्यांतली तिथली जामिनाची पद्धत २०१७ मध्ये संघीय न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. २०१९ च्या समझोत्यानंतर तशा बहुतेक प्रकरणांत पैशाशिवाय सोडायची पद्धत आली.

पैसे भरण्याआधी होल्ड विचारा

आमच्या ग्रुपवर हे कितीदा सांगितलं तरी रात्री दोन वाजता कुणाला आठवत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

नोंदणीच्या वेळी घेतलेले बोटांचे ठसे एफबीआयकडे जातात आणि तिथून इमिग्रेशनच्या नोंदींशी ताडून पाहिले जातात. आईस (ICE) या इमिग्रेशनच्या खात्याला माणूस हवा असेल तर ते जेलला डिटेनर पाठवतात. म्हणजे, सुटायच्या वेळेनंतर ४८ तासांपर्यंत याला धरून ठेवा, आम्ही न्यायला येतो. टेक्सासमध्ये २०१७ च्या कायद्यानुसार जेलना डिटेनर मानावाच लागतो. वैध व्हिसावरच्या प्रत्येकाला तो लागतो असं नाही. पण लागला असेल आणि तुम्ही घाईने बाँड भरला, तर माणूस घरी येण्याऐवजी इमिग्रेशनच्या कोठडीत जाऊ शकतो. ती कोठडी शंभर मैलांवर असेल, तिथला जामीन वेगळा, न्यायाधीश वेगळा, आणि काउंटीच्या तारखेला हजर राहणंही अवघड. अशा वेळी बाँड कधी भरायचा हे इमिग्रेशन वकिलानेच सांगायचं.

म्हणून जेलला सरळ विचारा: बाँडशिवाय दुसरा होल्ड आहे का? दुसऱ्या काउंटीचं जुनं वॉरंट आहे का? न भरलेल्या ट्रॅफिक तिकिटाचंही वॉरंट निघतं आणि त्याचा बाँड वेगळा भरावा लागतो.

कॅश की बाँड्समन

दहा हजार डॉलरचा बाँड धरू. तुम्ही पूर्ण दहा हजार काउंटीकडे भरले आणि माणूस प्रत्येक तारखेला हजर राहिला, तर खटला संपल्यावर ती रक्कम परत मिळते. थोडं प्रशासकीय शुल्क कापलं जाऊ शकतं. बाँड्समनकडे गेलात तर तो साधारण दहा टक्के घेतो, म्हणजे हजार डॉलर. हे हजार कधीच परत येत नाहीत. आरोप दुसऱ्या दिवशी मागे घेतला तरी नाही. ती त्याची फी आहे.

आयटीत काम करणाऱ्या बऱ्याच घरांत बचत खात्यात दहा हजार असतात, तरी ते बाँड्समनकडे जातात, कारण त्याचं दुकान उघडं असतं आणि तो फोनवर धीर देतो. सकाळी बँक उघडेपर्यंत थांबून कॅशिअर्स चेक नेला तर हजार डॉलर वाचतात. ते वकिलाच्या फीला येतील. पण आतल्या माणसाला इन्सुलिन लागत असेल, तो खचला असेल, किंवा उद्या कामावर न दिसल्याने नोकरी जाणार असेल, तर बेलाशक बाँड्समन करा. हजार डॉलरपेक्षा ती रात्र मोठी आहे. कॅश बाँडला वैयक्तिक चेक सहसा चालत नाही. रोख, कॅशिअर्स चेक किंवा मनी ऑर्डर यांतलं काय चालतं ते आधी विचारा.

बाँड्समन केलात तर मोठ्या काउंट्यांत बेल बाँड बोर्ड असतं. परवानाधारकांची यादी त्यांच्याकडे मिळते, त्या यादीतलाच घ्या. सहीच्या कागदात तुम्ही स्वतः हमीदार होता. माणूस पळाला तर पूर्ण दहा हजार तुमच्याकडून वसूल होतील. घर किंवा गाडी तारण लिहून घेतली आहे का, ते वाचा. दर आठवड्याला फोन करायची, पत्ता बदलला तर कळवायची अट असते. ती मोडली तर बाँड्समन हमी काढून घेण्यासाठी अर्ज करू शकतो आणि माणूस पुन्हा आत जातो. मी एकदा मित्रासाठी अशी सही केली, तेव्हा चार पानांचा करार बाहेर मोटारीच्या बोनेटवर ठेवून फोनच्या उजेडात वाचला. दुकानातला माणूस घाई करत होता. मी वाचून संपवलं आणि हप्त्याच्या उशिरा भरण्यावरची एक वाढीव फी खोडून घेतली.

पावती कुणाच्या नावाने करायची? कॅश भरणाऱ्याच्या नावाने. आरोपीच्या नावावर पैसे भरले तर काही ठिकाणी दंड त्यातूनच वळता होतो.

बाँड भरला म्हणजे माणूस लगेच दारात, असंही नाही. सुटकेची कागदपत्रं व्हायला चार तास लागतात, कधी बारा. बाहेर थांबणाऱ्याने पाण्याची बाटली, जाड जॅकेट आणि चार्जर न्यावा. सुटणाऱ्याचा फोन बंद पडलेला असतो.

आतलं वातावरण

कोठडी थंड असते. स्टीलचा बाक, दिवे रात्रभर चालू, कोपऱ्यात उघडा संडास आणि कमरेएवढी भिंत. बेल्ट, बुटांच्या नाड्या, मंगळसूत्र, जानवं, गंडा, सगळं काढून पिशवीत जातं, त्याची यादी होते आणि त्यावर सही घेतात. यादी वाचून सही करायला सांगा. जेलच्या सामान्य भागात हलवताना कपडे काढून झडतीही होऊ शकते. किरकोळ आरोपांतल्या माणसांचीही अशी झडती घेता येते, असा २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. याची कल्पना आधी असली तर माणूस कमी मोडतो. म्हणून लिहितोय.

टेक्सासच्या काउंटी जेलांवर जेल स्टँडर्ड्स कमिशन नावाचं राज्याचं मंडळ लक्ष ठेवतं. त्याचे किमान नियम घरच्यांना माहीत असावेत: चोवीस तासांत तीन वेळा जेवण, तापमान ६५ ते ८५ फॅरनहाइटच्या दरम्यान, प्रत्येक कैद्याला तासातून किमान एकदा प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहणं, आणि आत्महत्येचा धोका असलेल्यांना अर्ध्या तासातून एकदा. नियम कागदावर आहेत म्हणून पाळले जातातच असं नाही. वॉलर काउंटीत जुलै २०१५ मध्ये लेन बदलताना इंडिकेटर दिला नाही म्हणून थांबवलेली सँड्रा ब्लँड तीन दिवसांनी जेलच्या कोठडीत मृतावस्थेत सापडली. तिचा बाँड पाच हजारांचा होता आणि सुटायला साधारण पाचशे डॉलर हवे होते. तासाला प्रत्यक्ष पाहणी झाली नसल्याचा ठपका त्या जेलवर आला. २०१७ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला. औषध मिळत नसेल, माणूस फोनवर विचित्र बोलत असेल, तर आधी जेलच्या ड्यूटीवरच्या सार्जंटला फोन, मग वकिलाला, आणि त्या कमिशनकडे लेखी तक्रार. भीड बाळगू नका.

शाकाहारी माणसाचे पहिले दोन दिवस ब्रेड, सफरचंद आणि दुधावर जातात. धार्मिक आहार मागता येतो, त्यासाठी लेखी विनंती द्यावी लागते. आतले लोक त्या चिठ्ठीला काइट म्हणतात. "हिंदू, मांस आणि अंडं नको," असं सरळ लिहायचं. कॅन्टीनच्या खात्यावर बाहेरून पैसे टाकता येतात, त्यातून नूडल्स, साबण, मोजे मिळतात. भेटीला जाताना वैध ओळखपत्र न्या. आठवड्यातून दोन भेटी, प्रत्येकी वीस मिनिटं, हा टेक्सासचा किमान नियम आहे, पण काही काउंट्यांत भेट व्हिडिओवरच होते.

भारतीय वकिलातीला कळवायचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार आहे, पण आत असलेल्याने "कळवा" असं म्हटलं तरच कळवतात. टेक्सासचं काम ह्यूस्टनच्या वाणिज्य दूतावासाकडे आहे. ते बाँड भरत नाहीत आणि खटला लढत नाहीत. वकिलांची यादी देतात, जेलकडे विचारपूस करतात.

घरातल्या भांडणातून झालेली अटक

आपल्याकडचे सगळ्यात जास्त फोन याच प्रकारचे येतात. भांडण होतं, बायको किंवा शेजारी ९११ फिरवतो, पोलीस येतात, एकाच्या हाताला ओरखडा दिसतो आणि दुसऱ्याला बेड्या पडतात. सकाळी राग शांत झालेला असतो. मग घरचे म्हणतात, तक्रार मागे घेऊ.

तक्रार मागे घेता येत नाही. खटला सरकार विरुद्ध आरोपी असा असतो आणि तो चालवायचा की नाही हे सरकारी वकील ठरवतो. तक्रारदार आपलं म्हणणं प्रतिज्ञापत्रावर देऊ शकते, ते वाचलंही जातं, पण निर्णय तिचा नसतो.

मॅजिस्ट्रेट अशा वेळी तातडीचा संरक्षण आदेश काढतो, साधारण ३१ ते ६१ दिवसांचा. नवऱ्याला घरी जाता येत नाही, कधी मुलांच्या शाळेच्या आसपासही नाही. बायकोने स्वतः "ये घरी, पोहे केलेत," म्हटलं तरी तो गेला तर आदेश मोडतो, कारण आदेश कोर्टाचा आहे आणि बायकोला तो उठवता येत नाही. कोल्हापूरहून सासूबाई निरोप्या बनतात, तेही संपर्काच्या मनाईत बसू शकतं. आदेशाचा कागद वकिलाकडून शब्द न् शब्द समजून घ्या. संरक्षण आदेश मोडल्याचा ठपका इमिग्रेशनमध्ये स्वतंत्रपणे हद्दपारीचं कारण ठरू शकतो.

बाहेर येणाऱ्यासाठी आधीच दुसरीकडे राहायची सोय करा. कपडे आणि लॅपटॉप आणायचे असतील तर पोलीस सोबत देतात, तशी विनंती करावी लागते. आणि जिला खरंच मार बसलाय, तिच्यासाठी हा आदेश संरक्षण आहे. तो उठवायला तिच्यावर दबाव आणू नका. मंडळातले ज्येष्ठ मध्यस्थीला जातात तेव्हा मी त्यांना हे हात जोडून सांगतो.

बाहेर आल्यावरच्या अटी

दारू पिऊन गाडी चालवल्याच्या प्रकरणात गाडीत श्वास तपासणारं यंत्र बसवायला सांगतात. बाकी अटी म्हणजे पायातलं जीपीएस कडं, ड्रग टेस्ट, राज्याबाहेर न जाणं, पासपोर्ट जमा. प्रत्येक तारीख फोनमध्ये आणि फ्रिजवर लिहा. तारीख चुकली तर बाँड जप्त होतो, वॉरंट निघतं, शिवाय हजर न राहण्याचा वेगळा गुन्हा लागतो. गावी कुणी आजारी पडलं आणि जावं लागलं, तर वकिलामार्फत आधी अर्ज करून लेखी परवानगी घ्या.

वहिनींच्या नवऱ्याची केस दारू पिऊन गाडी चालवल्याचीच होती. सुटकेच्या आनंदात त्यांनी पोलिसांनी दिलेला पिवळा कागद ड्रॉवरमध्ये टाकला. दहाव्या दिवशी मी सहज विचारलं तेव्हा तो बाहेर आला. लायसन्स निलंबनाविरुद्ध सुनावणी मागायला टेक्सासमध्ये नोटिशीपासून १५ दिवस असतात. पाच उरले होते. वकिलाने त्याच दुपारी अर्ज केला.

२०१५ पासून अशा अटकेची नोंद दिसली की अमेरिकन परराष्ट्र खातं पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करू शकतं, दोषी ठरण्याची वाट न पाहता. इथला दर्जा त्याने आपोआप जात नाही, पण भारतात गेलात की नवा शिक्का घेतल्याशिवाय परत येता येत नाही, आणि त्यासाठी वैद्यकीय तपासणीला पाठवतात. तिकीट काढण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

तडजोडीची घाई नको. डिफर्ड ॲडज्युडिकेशन म्हणजे गुन्हा कबूल केला, नीट वागलात, की दोष लागत नाही, असा टेक्सासचा प्रकार आहे. राज्याच्या कायद्यात दोष लागत नाही, पण इमिग्रेशनच्या कायद्यात ती शिक्षाच धरतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या पाडिया निकालानुसार हद्दपारीचा धोका सांगणं हे फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे. त्याला तो लेखी विचारा. दुकानातल्या छोट्या चोरीच्या प्रकरणातले विद्यार्थी इथेच अडकतात, कारण दंड भरून मोकळं होणं सोपं वाटतं.

दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकाचा सल्ला

शिकागोच्या मावसभावाने "पैसे लागतच नाहीत" म्हटलं तर तो त्याच्या जागी बरोबर आहे. इलिनॉयने १८ सप्टेंबर २०२३ पासून पैशाचा जामीनच बंद केला. न्यू जर्सीत १ जानेवारी २०१७ पासून धोक्याचं मोजमाप करून सोडतात किंवा ठेवतात, पैसे क्वचितच मागतात. न्यू यॉर्कने २०२० पासून बहुतेक किरकोळ आणि अहिंसक गुन्ह्यांत पैशाचा जामीन काढून टाकला. केंटकी, ओरेगन, विस्कॉन्सिनमध्ये बाँड्समनचा धंदाच चालत नाही. कॅलिफोर्नियात चालतो आणि तिथेही दर साधारण दहा टक्केच. सल्ला जिथे अटक झाली तिथल्या वकिलाचाच घ्यायचा.

केस संपल्यावर

निकालाची प्रमाणित प्रत क्लर्कच्या खिडकीवरून घ्या, तीन घ्या. आरोप मागे घेतला असला तरी व्हिसाच्या फॉर्मवर, ग्रीन कार्डाच्या अर्जात, पुढे नागरिकत्वाच्या अर्जात "कधी अटक झाली होती का" या प्रश्नाला उत्तर "हो" असंच लिहायचं आणि ही प्रत जोडायची. नोंद पुसून घेतली तरीही.

कॅश बाँड भरला असेल तर परतीचा धनादेश पावतीवरच्या नावाने, पावतीवरच्या पत्त्यावर येतो. मधल्या काळात घर बदललं असेल तर क्लर्ककडे पत्ता बदलून घ्या. वहिनींच्या बाबतीत धनादेश जुन्या अपार्टमेंटला गेला होता. तिथल्या ऑफिसातल्या मुलीने तो पाच आठवडे खणात जपून ठेवला होता.